अंगानं भरलेला फौजी

नागपूरहून नरखेडच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत रंग खरवडायची पाती, ब्रश आणि भरपूर पुणेरी आत्मविश्वास होता. पुतळे दुरुस्त करणं हा माझा धंदा. लढाईत गेलेल्या आजोबांचा पुतळा होता तसा करून द्या, असं विलास नावाच्या संत्रा बागायतदारानं फोनवर सांगितलं होतं.

"मोटा फौजी, चला, उतरा," कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी माझ्या पोटाकडे बघू लागली. ते थांब्याचं नाव आहे हे खाली उतरल्यावर कळलं.

बागेच्या तोंडाशीच फौजी उभा होता. मान गायब, मिशी गालांत बुडालेली, वर्दीची बटणं पोटात गेलेली आणि रंग गर्द निळा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग पुतळ्याला द्यायचा, हा आजीचा नेम, असं विलासनं सांगितलं. तो पुढे वडिलांनी चालवला, मग त्यानं. बैल विकून ट्रॅक्टर आला तरी फौजीसाठी रंगाचा डबा येतोच. थरावर थर चढून आजोबा फुगले होते. शाळेची पोरं हसतात, आबाजीची (आजोबांची) इज्जत राहत नाही, हे सांगताना तो रडवेला झाला.

आधी जेवण. पाटवडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचं तिखटजाळ कालवण) खाऊन माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पुतळ्यापुढेही ताट गेलं, त्यात माझ्यापेक्षा दोन वड्या जास्त होत्या.

मग पाती लावली. गालाचा टवका उडाला. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल. तेवढ्यात आजी, म्हणजे त्या फौजीची बायको, काठी टेकत आल्या.

"काहून (का) खरवडून राहिला गा?"

"आजी, आतले खरे आबाजी काढून राहिलो," विलास म्हणाला.

आजींनी पुतळ्याच्या पोटावर हात ठेवला.

"गेले तवा काडीसारखे होते. इतकी वर्षं घरी राहून कुठं जरा अंगानं भरले. आता त्याइले परत काडी करता काय?"

मी पाती पिशवीत ठेवली. विलासनं रंगाचा डबा उघडला. गालाचा टवका आम्ही बुजवला, वरून पिवळा रंग दिला. "पोटाले एक हात जास्त लाव गा," आजी मला म्हणाल्या, आणि मी लावला.

संत्र्यांची पिशवी घेऊन पुण्याला परतलो. बायकोनं विचारलं, पुतळा कसा आहे?

म्हटलं, तब्येत चांगली आहे.