दिराने उचललेला हातमोजा

ठिणगीवहिनी हे नाव गल्लीने ठेवलेलं. वेल्डिंग करताना ठिणग्या उडतात त्या वेगळ्या, तोंडातून उडतात त्या वेगळ्या. नवरा गेल्यावर त्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे धरली ती धरलीच. वर्कशॉपमध्ये धाकट्या दिराचीही भागी होती, पण गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "वहिनी आहेत ना?" दिराच्या पोटात दुखायला एवढं पुरे.

एका दुपारी त्याने फर्मान काढलं, "वहिनी, उद्यापासून तुम्ही रंगाचं बघा. शाळेच्या फाटकाचं वेल्डिंग मी करणार. बाईच्या जोडावर भरवसा कोण ठेवतो?"

"इतकी वर्षं ही फाटकं काय हवेवर उभी आहेत, भाऊजी?"

"माझा शब्द शेवटचा," म्हणत तो जेवायला गेला.

वहिनी डबा उघडून नुसत्याच बसल्या. शेजारी नणंद डबा खात होती. ती शाळेत इंग्रजी शिकवणारी, दुपारी डबा खायला वर्कशॉपमध्येच यायची.

"वन्सं, तुमचे इंग्रज दिराशी कसे भांडतात हो?"

"दिराचं माहीत नाही. पण जुन्या काळी तिकडे चिलखत घालणारे सरदार असायचे. ज्याच्याशी वाकडं, त्याच्यापुढे हातातला मोजा काढून टाकायचे. त्याने उचलला की लढाई कबूल. आता सरदार गेले, चिलखतं गेली, बोलणं तेवढं राहिलं. कुणी आव्हान दिलं की म्हणतात, याने हातमोजा टाकला."

"म्हणजे आपण विडा उचलतो, तसंच."

"तसंच. फक्त मोजा चघळता येत नाही."

"आणि समोरच्याने उचललाच नाही तर?"

"चारचौघांत छी थू."

"तिची भाऊजींना सवय आहे. पण ते उचलतील," वहिनी म्हणाल्या आणि पहिला घास घेतला.

कारण दिराचं एक वेड होतं. मागे ठिणगीने खाली पडलेलं फडकं पेटलं, तेव्हापासून वर्कशॉपच्या जमिनीवर काही दिसलं की तो उचलायला वाकलाच. बोलता बोलता वाकायचा, भांडता भांडताही.

तो ढेकर देत आला. वहिनींनी चामड्याचा हातमोजा फाडकन त्याच्या पायाशी टाकला.

"फाटकाची एक झडप तुम्ही जोडा, एक मी. मग एकमेकांच्या जोडावर घण घालू. ज्याचा टिकेल, वेल्डिंग त्याचं."

"असल्या पोरखेळात मी पडत नसतो!" असं म्हणत तो वाकला आणि मोजा उचलून खुंटीकडे निघाला.

"उचलला!" नणंदेने टाळी पिटली.

"अगं ताई, मी पसारा आवरतोय!"

"लढाई कबूल," वहिनी म्हणाल्या. तोवर दारात निम्मी गल्ली जमली होती. आता मागे हटणार कसा?

संध्याकाळी दोन्ही झडपा तयार झाल्या. दिराने वहिनींच्या जोडावर जीव खाऊन घण घातला. जोड ढिम्म, याचा हात मात्र खांद्यापर्यंत झिणझिणला. मग वहिनींनी पदर खोचला. दिराचा जोड पहिल्याच घावात उसवला.

कुणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर नाही.

वहिनींनी रंगाचा डबा आणला, त्यावर ब्रश आडवा ठेवला आणि दोन्ही दिराच्या पायाशी जमिनीवर ठेवून दिले.

दिराने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मग वाकला.