रुमालात खोचलेला फोन

“मान हलवू नका याची! कुणी हात लावू नका!” डॉक्टर मॅडम ओरडत होत्या. आवाज परळीपर्यंत गेला असेल. मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर उताणा. डोक्याला बांधलेल्या रुमालात, उजव्या कानापाशी, फोन तसाच खोचलेला. मोटारसायकलचा चेंदामेंदा झाला, फोनला ओरखडाही नाही.

“मॅडम, मान मी हलवतच नसतो,” मी म्हणालो. “लई वर्षं झाली.”

हे खोटं नव्हतं. मी आठवडी बाजारात दावी-कासरे विकतो, म्हणजे जनावरांच्या दोऱ्या. लेकरूबाळ नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती, आणि भिंती हुंकार देत नाहीत. म्हणून बोलायचं ते गाडीवर. फोन रुमालात खोचला की दोन्ही हात हँडलवर, कायदाही खूश. फक्त मान वळवली की फोन सरकतो. म्हणून मी मान वळवणंच सोडून दिलं. उजवीकडं काय काय बांधकामं झाली ते मला लोकांकडून कळायचं.

त्या दिवशी सलीमला बिबट्याची गोष्ट सांगत होतो. सलीमचा वडवणीत फळांचा गाडा आहे. माझा जुना दोस्त. पालीच्या धरणाकाठी बिबट्यानं माझा डबा कसा उघडला, हे ऐन रंगात आलं होतं. बोलता बोलता गाडी उजवीकडं घेतली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याच्यावरची गाणी अर्ध्या तालुक्याला ऐकू जात होती, एक मला सोडून. ट्रॉलीचा कोपरा लागला. रस्त्यात पडल्या पडल्या मी म्हणालो, “सलीम, मान मोडली रे.” कानात सलीम खदाखदा हसत होता.

पुढं तपासण्या. एमआरआय म्हणजे माणसाला नळकांड्यात सरकवून आतलं बघतात. आत दहा लोहार एकदम कामाला लागल्यासारखा आवाज होतो. रिपोर्ट आला, सर्व्हायकल फ्रॅक्चर. म्हणजे मानेच्या मणक्याला तडा. मॅडमनी मला कळेल असं सांगितलं. “मणक्यातून स्पायनल कॉर्ड जाते. दोरीच समजा. ती दबलीय. जास्त दबली तर हातपाय जातील. ऑपरेशन लवकर करायचंय. तुमचं माणूस कोणंय?”

दोरी कधी तुटते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माणसाचं मात्र अवघड होतं. आपल्याकडं पेशंटच्या नातेवाइकाला ‘माणूस’ म्हणतात. पेशंट स्वतः माणसात धरला जात नाही.

सिस्टरनं फोन कानाला लावून धरला. पुतण्या म्हणाला, “काका, मागच्या बारीला तुमाला अजगरानं गिळलं होतं. तवा बी मी गाडी करून आलतो.” चुलतभाऊ म्हणाला, “डॉक्टरचा आवाज लई भारी काढतो बे तू.” तो आवाज डॉक्टरांचाच होता.

मग सलीम. “सलीम, खरंच मान मोडली. अंबाजोगाईत हाय. ऑपरेशन हाय. तू ये.”

“हां, मग?” सलीम म्हणाला. मागं गिऱ्हाईकाचा गलका. तेवढ्यात मला एक्स-रेला नेलं आणि फोन बंद झाला.

मला वाटलं, हा येणार. मानेला कॉलर, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या. दिसायचा तो फक्त पंखा. दार डोक्यामागं. मी पावलं ऐकायचो. सलीम चपला घासत चालतो. आख्ख्या वॉर्डात चपला घासणारे निदान पाचशे लोक येऊन गेले असतील. त्यातली एकही जोडी माझ्या खाटेपाशी थांबली नाही. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मुंग्यांचं कुणाला सांगावं, तर पंख्याला सांगितलं.

मॅडमनी परत विचारलं, “आलं का माणूस?”

शेजारच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार होता, पाय मोडलेला. त्याची बायको आवडाबाई म्हणाली, “मी हाय त्यांचं माणूस.”

“नातं?”

“खाटंला खाट लागून हाय.”

मॅडम चालेल म्हणाल्या. ऑपरेशनच्या दाराशी आवडाबाई बसली. तिच्या नवऱ्यानं तेवढा वेळ पाणीसुद्धा मागितलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तीच म्हणत होती, “बोटं हालवा बरं.” हलली. डाव्या हाताची दोन अजून बधिर आहेत, दाव्याची गाठ मारताना फसवतात. पण मी चालतो, जेवतो. त्या बाईचं ऋण बीड जिल्ह्याच्या वजनाचं आहे.

तुम्हीही रुमालात फोन खोचत असाल. दंडाचं सांगणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच सांगतो, घरी बोलायला कुणी नसलं तर गाडी बाजूला घ्या, बाभळीखाली उभे राहा आणि बोला. तिथून पडलात तरी आपल्याच पायावर पडाल.

बरा झाल्यावर एसटीनं वडवणीला गेलो. सलीम पपई कापत होता. त्यानं माझी कॉलर बघितली, कॉलरीवरून डोकावणारा टाक्यांचा वण बघितला. सुरी खाली ठेवली.

मी विचारलं, “का आला नाहीस?”

“फोन कट झाला,” सलीम म्हणाला. “मला वाटलं, बाकीचं उद्या सांगशील.”