पॉइंट दोन व्होल्ट

पाटोळे मॅडम माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. मल्टिमीटरचं टोक बोर्डाच्या पिनेला लावत, आकडा वाचत आणि मग, वाटलंच तर, मान वर करत. नगरच्या एमआयडीसीत, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोल बोर्ड बनवणारा आमचा लहानसा कारखाना होता. टेस्टिंग त्यांच्याकडे होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी सावेडीहून स्कूटरवर पोहोचले, तर नमस्काराला उत्तर न देता त्यांनी विचारलं, "आपल्या चिपला 'एक' किती व्होल्टला कळतो?"

"पाच."

"घरी जा. वाचून ये."

खरंच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी घडाघडा म्हणून दाखवलं: दीड व्होल्टच्या खाली शून्य, साडेतीनच्या वर एक.

"आणि मधे?"

मी वही चाळू लागले.

"मधे ती मनाला येईल ते वाचते. तुझ्यासारखी."

त्या मूळच्या बेलापूरच्या, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. रविवारी चर्चमध्ये म्हणे फार गोड गात. आम्हाला तो आवाज कधी ऐकू आला नाही. "रडून घे, पण बोर्डावर नको. ओल धरते," असं त्या सोल्डरिंगवाल्या पोरींना शांतपणे सांगत.

मग ते सेन्सरचं प्रकरण झालं. प्रेसचं जाळीचं दार उघडलं की सेन्सरनं चिपला 'एक' द्यायचा आणि मशीन थांबायचं. जुना सेन्सर मिळेना, म्हणून मी नवा बसवला. तो तीन पॉइंट तीन व्होल्टच द्यायचा. आमच्या चाचणीच्या प्रेसवर मी चाळीस वेळा दार उघडलं, चाळीसही वेळा मशीन थांबलं.

मॅडमनी आकडा वाचला. "साडेतीनला पॉइंट दोन कमी."

"पण चालतंय, मॅडम."

"चालतंय? मग दार उघड आणि घाल हात."

सगळे हातातलं काम टाकून बघत होते. प्रेस सुरू होती. माझा हात पुढे जाईना.

"तुझा जात नाही, आणि तिथल्या बाईचा गेला तर चालेल?" असं म्हणत त्यांनी त्या सेन्सरच्या बारा बोर्डांतले चार माझ्यासमोर हातोडीनं फोडले.

मी मालकांकडे जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात आई वारली म्हणून मॅडम बेलापूरला गेल्या होत्या, तेव्हा उरलेले आठ बोर्ड माझ्या सहीनं आठ कारखान्यांत गेले.

महिन्याभरात एका कारखान्यात दार उघडं असताना प्रेस खाली आली. ती चालवणाऱ्या मंदाबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मॅडमनी मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. कॉटजवळ उभं करून म्हणाल्या, "सही हिची आहे."

मंदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. "काय चुकलं हुतं ताई?"

"व्होल्टेज कमी पडलं."

"लई कमी हुतं का?"

"नाही. थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?" मॅडम म्हणाल्या. "बोटांनी दाखव त्यांना."

मी हात पाठीमागे लपवले. मंदाबाईंनीच मान फिरवली.

त्यानंतर मॅडम एकट्या उरलेल्या सातही कारखान्यांत गेल्या आणि मशीनं बंद पाडून बोर्ड उपटून घेऊन आल्या. मालकांना न विचारता हे केलं, म्हणून मालकांनी त्यांना काढून टाकलं आणि त्यांच्या टेबलावर मला बसवलं.

त्या डबा पिशवीत घालत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, माझं चुकलं. माफ करा." एक तरी बरा शब्द बोलतील, असं मला वाटत होतं.

"मंदाबाईंचं ड्रेसिंग बुधवारी असतं," त्या म्हणाल्या. "घरचं कुणी नसतं बरोबर. आतापर्यंत मी नेत होते."

पहिल्या बुधवारी मी गेले नाही. दुसऱ्या बुधवारी गेले.