दुपारची सही

आमच्या फिजिओथेरपिस्ट संघटनेचा गोल शिक्का मी एकदा अक्कांच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांच्या परस्पर काढला, वापरला आणि परत ठेवला. हे मी सहा वर्षं कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्या शिक्क्यापायी अक्कांनी संघटनेचं काम सोडलं, तेव्हा मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो आणि कॉफीच्या पेल्यात बघत होतो.

अक्का आमच्या ऑफिस सेक्रेटरी. चेन्नईतल्या मैलापुरात भांड्यांच्या दुकानावर संघटनेची एक खोली आहे, तिथे त्या बसत. पाठीमागे सगळे त्यांना 'लिंबूअम्मा' म्हणत, कारण आमच्या वार्षिक शिक्षण संमेलनात वक्त्याला शाल पांघरवायची जुनी पद्धत त्यांनी मोडीत काढली आणि प्रत्येकाच्या हातात एक पिवळंजर्द लिंबू ठेवायला सुरुवात केली. मोठ्या माणसाला भेटताना लिंबू देण्याची इथे रीतच आहे, त्यामुळे कुणाला अपमान म्हणता येईना. अध्यक्ष मात्र कुरकुरले, "अहो, पाहुण्यांना निदान एक शाल तरी?"

"त्यांच्या घरीं शालींस जागा उरली नाहीं," अक्का म्हणाल्या. "लिंबू रसमांत तरी पडेल."

हे त्या अध्यक्षांना तमिळमध्ये म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे वळून मराठीत. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं. त्यांची मराठी ऐकताना जुन्या दस्तऐवजाला तमिळ हेल लावून कुणी वाचतंय असं वाटायचं. मी सातारचा आहे हे कळल्यापासून माझं नावच त्यांनी टाकून दिलं. "काय सातारा, जेवलात कीं नाहीं?" पंधरा वर्षं चेन्नईत राहूनही बाकीच्यांच्या लेखी मी 'उत्तरेकडचा' होतो. माझ्याशी मराठी बोलणारी ही एकच खोली होती. मला खजिनदार त्यांनीच केलं.

संमेलनाचं अंदाजपत्रक त्या पेन्सिलीने लिहीत. लिहून झालं की कागद माझ्यापुढे सरकवायच्या आणि वर खोडरबर ठेवायच्या. "हवें तें पुसा. पहिली ओळ मात्र नाहीं." पहिली ओळ दरवर्षी एकच असे: बाहेरगावच्या सरकारी दवाखान्यांतून येणाऱ्यांचं बसभाडं. शालींचे, पुष्पगुच्छांचे, व्यासपीठामागच्या फलकाचे पैसे वाचवून ते त्या ओळीत जात. सभागृह, जेवण, सगळं त्याखाली. त्याच बसभाड्यावर विलुप्पुरमकडून सेल्वी नावाची एक मुलगी यायला लागली. पहिल्या रांगेत बसायची आणि वक्त्याला घाम फुटेल इतके प्रश्न विचारायची. "हिच्यापायीं गुच्छ गेले," अक्का मला सांगत. "फायद्यांत आहों."

पण अक्कांची खरी ख्याती होती ती दुपारच्या सहीची. परवान्याच्या नूतनीकरणासाठी आम्हाला शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. संमेलनाचे सहा: सकाळचे तीन, दुपारचे तीन. सकाळी सभागृह भरलेलं असे. दहीभात झाला की गळती लागे. कुणाला शहराबाहेर सिरुसेरी गाठायची असे, कुणाचा पेशंट ताटकळत असे. म्हणून अक्का दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसत आणि शेवटचं व्याख्यान संपल्याशिवाय ती वही उघडत नसत. सर्टिफिकेटांवर शिक्काही त्या दिवशी मारायचा नाही. सोमवारी ऑफिसात, सकाळची आणि दुपारची सही ताडून, मगच.

एकदा आमच्यातले एक फार मोठे डॉक्टर दीड वाजताच दाराशी आले. "अम्मा, पेशंट खोळंबलाय. सही करून टाकतो."

"जा, डॉक्टर. पेशंट मोठा. तीन तासांचें लिहून ठेवतें."

डॉक्टर पायऱ्यांपर्यंत गेले, तिथे उभे राहिले, परत आले आणि मुकाट्याने मागच्या रांगेत बसले. अक्कांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र हळूच म्हणाल्या, "पेशंट बरा झाला वाटतें."

तर त्या वर्षी संमेलनाच्या दिवशी सकाळीच कुंभकोणमहून फोन आला. अक्कांच्या बहिणीला दवाखान्यात हलवलं होतं. अक्कांनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "लिंबें टोपलींत आहेत. चारास वही उघडा. शिक्का मी आल्यावर मारीन." आणि गेल्या.

जेवणाच्या वेळी लोकांनी मला घेरलं. बाहेर मळभ होतं आणि थोड्या पावसानेही वेलचेरीचे रस्ते तुंबतात. नूतनीकरणाची मुदत तोंडावर आली होती. "सार, अम्मा नाहीत ना आज? मग सर्टिफिकेटं आताच द्या की." पुढच्या महिन्यात संघटनेची निवडणूक होती. मी चिटणीसपदासाठी उभा होतो. आता मुदत, मळभ, ट्रॅफिक अशी कितीही कारणं दिली, तरी खरं कारण एवढंच की त्या लोकांनी मला आपलं म्हणावं अशी मला भूक होती. मी पेटी उघडली. जुन्या कांजीवरम साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला शिक्का काढला आणि पायसमच्या पातेल्याशेजारी उभं राहून सगळ्यांना सहा-सहा तास वाटले. लोकांनी पाठ थोपटली. एकाने तर मला 'नम्म आळु', म्हणजे आपला माणूस, म्हटलं.

दुपारी सभागृहात अकरा माणसं उरली. सेल्वी त्यांत होती. मी नव्हतो. माझं सर्टिफिकेट बॅगेत घालून मीही घरी गेलो होतो.

दुपारी शिकवायला कोइंबतूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी नंतर नोंदणी मंडळाला पत्र लिहिलं: आपण अकरा जणांना शिकवलं, मग सहा तासांची सर्टिफिकेटं दीडशेच्या घरात कशी? मंडळाने खुलासा मागितला. कार्यकारिणी बसली.

"पेटीची किल्ली कुणाकडे असते?" अध्यक्षांनी विचारलं.

"मजकडे," अक्का म्हणाल्या.

"शिक्का?"

"मजकडेच."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. संमेलनात 'पुढचा वक्ता कोण?' असं विचारायला बघत, तसं. त्या थांबल्या. मी बोलण्यासाठी भरपूर वेळ त्यांनी दिला. मी कॉफीच्या पेल्यात बघत राहिलो. मला शिक्का मारताना ज्यांनी पाहिलं होतं तेही गप्प बसले, कारण सर्टिफिकेटं त्यांच्याच खिशात होती. इतिवृत्तात ओळ गेली: 'कार्यालयीन निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला.' सगळ्यांचे तीन-तीन तास रद्द झाले. अक्कांनी राजीनामा दिला. जाण्यापूर्वी तासभर बसून पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मला समजावलं. लिंबं कुणाकडून घ्यायची तेही सांगितलं आणि खोडरबर माझ्यापुढे ठेवला.

मी बिनविरोध चिटणीस झालो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. या काळात मी एकच शहाणपणा केला. अक्कांनी जे जे सांगितलं होतं, ते तसंच चालू ठेवलं. पहिली ओळ पुसली नाही. दुपारी व्याख्यानं ठेवू नका, पेशंट बोलवा, सभासदांचे हात कामाला लावा, असं त्या नेहमी म्हणत आणि आम्ही हसत असू. ते मी करून पाहिलं. आता जेवणानंतर कुणी हलत नाही. तरीही मी वही मांडीवर घेऊन दाराशी बसतो. लोक म्हणतात, "हा लिंबूअम्माचा वारस!" मी हसतो, आणि मग मला घरी जाऊन जेवण जात नाही.

दोन महिन्यांपूर्वी वेलचेरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये एका मुलीचा फोन आला. मावशीचा गुडघा बदललाय, घरी येऊन व्यायाम द्याल का? मी पत्त्यावर गेलो. पलंगावर अक्का.

"काय सातारा!" त्या ओरडल्याच. "शेवटीं गुडघा तुमच्याच हातीं लागला!"

दहा दिवस मी तो गुडघा वाकवला आणि शिक्क्याबद्दल एक शब्द बोललो नाही. अकराव्या दिवशी त्यांचा पाय माझ्या हातात असताना, त्यांच्या तोंडाकडे न बघता, सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या.

"कसं?"

"शिक्का गुंडाळला होता खरा. मी रेशमाची उलटी बाजू आंत घालतें, जरीस शाई लागूं नये म्हणून. तुम्हीं जरीची बाजू आंत घातली. तुकडा वाया गेला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"किल्ली मी दिली. ती माझी चूक, ती मी बोललें. तुमची मी कां बोलूं?" मग पायाकडे बोट दाखवून, "हात कां थांबले? किती वाकला?"

"ऐंशी अंश."

"आज नव्वद करा." मी दाबलं. "अय्यो! हळू! सूड घेतां काय माझ्यावर?" आणि त्या हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि पाय सोडता येत नव्हता.

मग त्यांनी विचारलं ते वेगळंच. "दुपारीं किती बसतात आतां?"

"खुर्च्या कमी पडतात, अक्का."

"सेल्वी?"

"यंदाचं संमेलन तीच घेतेय. बसभाड्याची ओळ तिने दुप्पट केलीय."

"गुच्छ फायद्यांत गेले," अक्का म्हणाल्या.

त्यानंतरच मी हे लिहायला घेतलं. अक्कांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इथपर्यंतचं काल त्यांना वाचून दाखवलं. शिक्क्याच्या जागी त्यांनी डोळे मिटले, डॉक्टरांच्या जागी हसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरें लिहिलें आहे. पण सातारा, संघटनेंत मराठी कोणास येतें?"

कुणालाच येत नाही. आणि म्हणूनच मी हे मराठीत लिहिलं, ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"सभा कधीं आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मी येतें. तोंवर ऑफिसाचा तो जिना मज चढतां येईल?"

"येईल."

"मग रोज व्यायाम झाला कीं दहा मिनिटें तमिळ. तुमचे उच्चार फार वाईट."

आजपासून सुरुवात केली. पहिलंच वाक्य तीनदा चुकलं. इतिवृत्तातली ती ओळ अजून तशीच आहे. सभेत उभं राहून, सगळ्यांना समजेल अशा तमिळमध्ये, शिक्का मी मारला हे सांगायचं आणि 'कार्यालयीन निष्काळजीपणा' खोडून तिथे माझं नाव घालून घ्यायचं, एवढं मी अक्कांचं देणं लागतो.