सर्व्हर न थांबवता

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी निकालाची वेबसाइट सांभाळायचो. परीक्षेच्या मार्कांवर पोरांच्या बॅचेस ठरत. पहिल्या बॅचसाठी आईबाप देव पाण्यात घालून बसत.

त्या वर्षी उत्तरसूचीत फिजिक्सच्या आठ प्रश्नांची उत्तरं मी एक ओळ खाली सरकवून भरली होती. निकाल लावण्याआधी चूक सापडली. उत्तरसूचीची फाइल दुरुस्त केली, पण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला नाही. तेव्हा दुसऱ्या पोरांची ऑनलाइन टेस्ट सुरू होती आणि सर्व्हर न थांबवता फाइल नव्याने वाचून घेण्याची सोय मी केली आहे, असं संचालकांना मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो. सर्व्हरवर त्या प्रोग्रामच्या चार प्रती चालत. प्रत्येक प्रत सुरू होताना फाइल एकदाच वाचायची आणि तेच डोक्यात धरून बसायची. निकालाचं पान उघडलं की चारांपैकी कुठलीही एक प्रत मार्क दाखवायची. माझी सोय त्यातल्या एकाच प्रतीपर्यंत पोचली, हे मी तपासलं नाही.

निकाल लागला त्याच दुपारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. भूकंपानंतर वसवलेल्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती. त्यांच्या हातात नेट कॅफेतली प्रिंट होती : एकशे बासष्ट. माझ्या स्क्रीनवर एकशे तीस.

"सायब, पोरगी म्हनायली, हेच दिसलं हाय."

रांगेत वीसेक पालक उभे होते. मी म्हणालो, "तुमच्या गावात मार्क वाढवून छापून मिळतात का? मग पत्ता द्या, आम्ही पण येतो."

लोक हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. मुलीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "खरं बोल गं. कुणाकडून करून घेतलीस?"

"न्हाई हो बाबा," एवढंच ती म्हणाली. त्यांनी प्रिंट घडी करून खिशात घातली आणि दोघं निघून गेले.

तासाभराने त्याच मुलीचं पान सहज पुन्हा उघडलं. एकशे बासष्ट. परत उघडलं, एकशे तीस. तीन प्रती अजून जुनीच फाइल धरून बसल्या होत्या. त्या दिवशीची ऑनलाइन टेस्ट संपताच सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मग दहा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी एकशे बासष्टच.

फॉर्मवरच्या नंबरवर तिच्या वडिलांना फोन लावला. पहिल्या बॅचला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं.

"म्हंजी कागद खरा व्हता का, सायब?"

हो म्हणायला किती वेळ लागला असता? पण संचालक शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "फेरतपासणीत मार्क वाढले."

"लई उपकार झाले," ते म्हणाले आणि फोन बाजूला न धरताच मुलीवर ओरडले, "उद्या गेल्यावर सायबांचे पाय धर. खोटं वागूनबी घेतलं त्यांनी तुला."

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्याकडे न बघता वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.