चामड्याला पडलेली भोकं

मामींना कुणी "हे तुम्हाला जमणार नाही" म्हटलं की संपलंच. ते जमेपर्यंत बाई कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त त्यांच्या नवऱ्याला पंचवीस वर्षांत उमगलं नव्हतं.

नवरा सीटमिस्त्री. मोटारसायकलच्या सीटा शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्षापूर्वी नेमका तोच हात थरथरायला लागला आणि रेग्झिनचं काम मामींकडे आलं. मामी मूळच्या ब्लाउज शिवणाऱ्या, रेग्झिन त्यांना चुटकीसरशी जमलं. चामड्याला मात्र मिस्त्री बोट लावू देईनात. "चामडं म्हणजे ब्लाउजपीस नव्हे," हे पालुपद. चामड्याचं मोठं मशीन त्यांनी विकायलाच काढलं. घेणारा रविवारी येणार होता.

मंगळवारी शाळेतले ड्रिलमास्तर आले. गाडी घसरून त्यांची चामड्याची सीट एका बाजूनं टरकन फाटली होती. मिस्त्री नाही म्हणणार, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "शनिवारी न्या."

मास्तर गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "आणि बिघडलं तर?"

"तर मशीन जाऊ दे, मी चकार शब्द काढणार नाही. पण जमलं, तर मशीन राहील आणि त्यावर मी बसेन."

चामड्याचा तुकडा एकच शिल्लक होता. मामींनी जुनं कव्हर उसवलं, त्याचे भाग चामड्यावर ठेवून नवे कापले. दबलेला फोम कापून तिथं नवा चिकटवला, घासून सारखा केला. सगळं कसं झकास चाललं होतं. मग दोन भाग एकमेकांवर ठेवले आणि हात सवयीनं टाचण्यांच्या डबीकडे गेला. बोटबोट अंतरावर टाचण्या लावल्या, झोकात शिवण मारली, टाचण्या काढल्या आणि शिवण उलगडून बघितली, तर भोकंच भोकं. कापडाचं भोक बुजतं, चामड्याचं जन्मात बुजत नाही. मिस्त्रींनी हे शंभरदा सांगितलं होतं आणि मामींनी शंभरदा "कळलं हो" म्हटलं होतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना भोकांची रांग लागली होती.

मामी रडल्या. नाक पुसून पुन्हा बघितलं, तर रांग कशी ओळंब्यात! वीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या हाताची भोकं ती, एक इकडं नाही की तिकडं नाही. त्यांनी मेण लावलेला जाड दोरा घेतला आणि हातानं त्याच भोकांतून टाके घालत गेल्या. दोन भोकांच्या मध्ये आणखी एक, असं करत दोन्ही रांगा पुऱ्या केल्या. बोटं सोलवटली.

शनिवारी मिस्त्रींनी डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवला. "या दोन रांगा कशाला?"

फॅशन म्हणून सांगता आलं असतं. मामी म्हणाल्या, "टाचण्या लावल्या होत्या. भोकं पडली."

मिस्त्रींनी अंगठा पुन्हा एकदा दोन्ही रांगांवरून नेला. मग म्हणाले, "मी असतो तर तुकडा फेकून दिला असता."

मास्तर सीटवर बसून एक चक्कर मारून आले. "वा मिस्त्री, हात बरा झाला म्हणायचा!"

"माझा नाही," मिस्त्री म्हणाले. "हात हिचा आहे."

मामींनी दुसरीकडे तोंड फिरवलं. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता, आणि तो नवऱ्याला दिसू द्यायचा नव्हता.

रविवारी मशीन घेणारा हातगाडी घेऊन हजर झाला. मिस्त्री दारातच आडवे उभे राहिले. आत मशीनचा खडखडाट चालू होता.

"विकायला मशीन रिकामं कुठंय?" ते म्हणाले.