साल्किननं तीनच दोष सांगितले

साल्किनला दूध कळायचं. किटलीचं झाकण उघडलं की ती आधी वास घ्यायची, मग किटली जराशी तिरकी करून दूध कडेवरून कसं उतरतं ते बघायची. लॅक्टोमीटर बुडवायची ती सगळ्यात शेवटी, वरून विचारणा झाली तर दाखवायला असावं म्हणून. जुमगाल खोऱ्यातल्या आमच्या दूध संकलन केंद्रावर तिनं सात वर्षं हे काम केलं. माझ्या घरचं दूधही तिनं दोनदा परत पाठवलं आहे, तेव्हा तिच्या नजरेबद्दल मी ऐकीव काही सांगत नाही.

परत पाठवायचीही एक रीत होती, आणि ती आमच्या सगळ्या खोऱ्याची रीत होती. आमच्याकडे माणसाचा दोष त्याच्या तोंडावर काढत नाहीत. दुधात पाणी दिसलं की साल्किन झाकण हलकेच बंद करायची आणि म्हणायची, "झामाल आपा, तुमची गाय आज नदीच्या फारच जवळ चरली वाटतं." रांगेतल्या बायका हसायच्या, झामाल आपाही हसायची, किटली उचलून घरी जायची. दुसऱ्या दिवशी तिचं दूध असं यायचं की बोट उभं राहील. चोर हा शब्द त्या केंद्रात सात वर्षांत कधी उच्चारला गेला नाही.

मग एका हिवाळ्यात डेअरीनं केंद्रांना फोनवरचं अ‍ॅप दिलं. रोज सकाळी बाहेरचं तापमान त्यात भरायचं. जानेवारीत आमच्याकडे उणे तीस. साल्किन उणे तीस भरायची, अ‍ॅप आकड्यापुढची उणेची रेघ गिळून टाकायचं, आणि शहरातून रागाचा निरोप यायचा: तीस अंशाच्या उन्हात दूध का ठेवता? निरोप वाचला जायचा तेव्हा साल्किनच्या पापण्यांवर बर्फ असायचा. तिनं कुणाशी वाद घातला नाही. महिनाभर वहीत लिहीत गेली. काय भरलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. दुरुस्तीला शहरातून पोरगा आला, त्यानं उभ्या उभ्या ती वही चाळली आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा म्हणाला, "एजे, शहरात लोक हेच काम करतात. टेस्टर म्हणतात त्यांना."

त्या दिवसापासून साल्किन स्वस्थ बसली नाही. एकतीस वर्षांची बाई, लग्नाचं विचारणारेही विचारून थकलेले. शरदात ती घाट ओलांडून राजधानीला, बिश्केकला गेली, मावशीकडे उतरली. मावशी नूरझामाल शहराच्या कडेच्या वस्तीत शिवणाचा छोटा कारखाना चालवायची. सहा मशिनी, दिवसभर खडखडाट. साल्किन सकाळी कापलेले धागे वेचायची, संध्याकाळी टेस्टिंगच्या वर्गाला जायची. बटणं लावतानाही तिचे ओठ हलत असायचे. कारागीर बायकांना वाटायचं, नमाज शिकतेय.

आठ महिन्यांत वर्ग संपला आणि मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी तिनं सगळ्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या. समोरचा माणूस म्हणाला, हे तर पुस्तकातही आहे, तुमचं काय? दुसऱ्या ठिकाणी विचारलं, लिफ्ट तपासायला दिली तर कशी तपासाल? ती म्हणाली, "आमच्या गावात लिफ्ट नाही," आणि मुलाखत तिथंच संपली. तिसऱ्या ठिकाणी सगळं बरं झालं, आणि फोन काही आला नाही.

"काय गं, अजून फोनकडेच बघतेस?" मावशी सुईत दोरा ओवत म्हणायची. "त्याला पण बघून बघून लाज वाटायला लागली असेल."

"ताइएजे, ते म्हणाले होते कळवू."

"मी पण गिऱ्हाइकाला म्हणते, शुक्रवारी देते. कुठला शुक्रवार ते मी सांगत नाही."

साल्किन हसायची आणि उठून दारापर्यंत जायची, परत यायची. तिला आता बसवतच नव्हतं. थांब्यावर उभी राहिली तर मार्शरुत्का, म्हणजे शहरातली छोटी बस, येईपर्यंत तिच्या दहा फेऱ्या व्हायच्या. केंद्राचे प्रमुख, म्हातारे तुर्दुमामबेत आके यांनी निरोप धाडला होता: गुरं वरच्या कुरणाला चढली की दुधाला पूर येतो, पहिल्या जूनपर्यंत तुझी जागा राखतो, पुढं नाही. मेचे सहा दिवस उरले होते आणि मुलाखत एकच. परत जायला तिची ना नव्हती. परत पाठवलेली म्हणून जाणं तिला झेपणार नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या किटल्या परत पाठवणाऱ्या बाईला ते कसं झेपावं?

ती चौथी कंपनी दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवत होती. गावातल्या माणसानं फोनवरून शहरातल्या डॉक्टरची वेळ घ्यायची. टेबलाशी तिघं बसले होते. मालक साग्यनबेक, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बाइके म्हणजे थोरला भाऊ म्हणावा असा. टेस्टरांची प्रमुख वेरा हेगाय, बारीक चणीची कोरियन बाई, फारशी न हसणारी. आणि एमिर्लान, ज्यानं ते अ‍ॅप लिहिलं होतं, पंचविशीचा, गालावर जेमतेम दाढी. मधे नान आणि चहा.

वेरानं चहाचा पेला तिच्यापुढं सरकवला. "हा पेला तपासायला दिला, तर कसा तपासाल?"

साल्किननं पेला उचलून फिरवला. "आधी सांगा, पिणार कोण? म्हाताऱ्याचा हात थरथरतो, त्याला बूड रुंद हवं. पाहुणा असेल तर अर्धाच भरायचा, पूर्ण भरला तर त्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. मग अर्धा भरून बघायचा, बोटांना चटका किती वर बसतो. मग पूर्ण भरून बघायचा, कारण कुणीतरी चुकून भरणारच. मग रिकामा. मग थंडीत बाहेर ठेवलेल्या पेल्यात एकदम उकळता चहा."

"तडकेल," साग्यनबेक म्हणाला.

"तडकायलाच हवा तो, बाइके. गिऱ्हाइकाच्या हातात तडकण्यापेक्षा माझ्या हातात बरा."

वेरा हसली नाही, पण तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग साल्किनला शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर अ‍ॅप उघडून दिलं, तेच तिच्या फोनवरही घालून दिलं आणि चाळीस मिनिटं एकटं सोडलं. ती चाळीस मिनिटं तिचे पाय हलले नाहीत. दूध बघताना ती जशी सगळी डोळ्यांत यायची, तशी आली. अकरा दोष निघाले. दहा साधे होते. अकरावा साधा नव्हता. दोन माणसांनी एकाच क्षणी एकाच डॉक्टरची तीच वेळ मागितली, तर दोघांनाही उत्तर यायचं, वेळ पक्की झाली. डॉक्टरच्या यादीत मात्र नाव एकाचंच.

ती बाहेर आली. साग्यनबेकनं तिच्यापुढं नान मोडून ठेवला. "खा, पोरी, मग बोल. आमच्या एमिर्लाननं वर्षभर घाम गाळलाय ह्याच्यावर. कसं वाटलं?"

एमिर्लान टेबलावरचे तुकडे बोटानं गोळा करत होता. साल्किननं त्याच्याकडं बघितलं आणि तिची जीभ जुमगालला परत गेली.

"फार देखणं झालंय, बाइके. माझंच बोट जाड असेल, पण ती तारीख जरा हट्टी वाटली. मागं सरकायला बघत नाही."

"हट्टी!" साग्यनबेक खो खो हसला. "आणि?"

"लांब नावाच्या माणसांना शेपूट आवरून बसावं लागतंय." आता सगळेच हसले, एमिर्लानसुद्धा. "आणि दोघं एकदम आली तर दारात थोडी दाटी होत असेल."

"दाटी कसली, एजे? सर्व्हर मोठा आहे आपला," एमिर्लान म्हणाला.

"मग बरंच आहे," साल्किन म्हणाली.

बाकीचे आठ तिनं गिळले. वेरानं विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, "तुमचंच बरोबर असेल." मग खुर्च्या सरकल्या, आणि साग्यनबेक म्हणाला, "कळवतो हं."

खाली रस्त्यावर पॉपलरच्या झाडांची कापसासारखी लव उडत होती, लोकांच्या केसांत, डोळ्यांत. साल्किन थांब्यावर आली आणि फेऱ्या घालायला लागली. कळवतो या शब्दाला ती आता ओळखत होती. पण आज तिला त्या शब्दाचं काही वाटत नव्हतं, आत दुसरंच काही टोचत होतं. झामाल आपाला नदी म्हटलं की पाणी कळायचं. इथं दाटी म्हटलं, तर त्यांना सर्व्हर आठवला. आणि झामाल आपा दुसऱ्या सकाळी परत यायची, चुकलं तर पुन्हा सांगता यायचं. इथं दुसरी सकाळ नव्हती. हे अ‍ॅप महिन्याभरात आमच्या खोऱ्यात पोचलं असतं. कुणीतरी बाई फोनवर वेळ पक्की झाली बघून पहाटे निघाली असती, पाच तास घाट चढून उतरून त्या दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहिली असती, आणि आतून आवाज आला असता, तुमचं नावच नाही.

मार्शरुत्का आली. दार उघडलं.

"चढायचं तर चढा, एजे, दार काय हवेसाठी उघडलंय?" ड्रायव्हर ओरडला.

साल्किन एक पाय वर ठेवून उभी राहिली. मग तिनं तो खाली घेतला आणि जवळजवळ पळत सुटली.

वरच्या मजल्यावर तिघं जेवायला बसले होते. साग्यनबेकच्या तोंडात घास होता. "काही विसरलीस का, पोरी?"

"हो. आठ दोष विसरले."

साग्यनबेकनं सवयीनं नानचा तुकडा पुढं केला, पुढं आलेला नान नाकारत नाहीत म्हणून साल्किननं सवयीनं तो जिभेला लावला आणि तशीच उभी राहिली.

"मघाशी तोंडाला काय झालं होतं?" तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"तुमच्या घरचा चहा प्यायले होते. ह्यानं बनवलेलं आणि हा समोर बसलेला. आमच्याकडं असं तोंडावर बोलत नाहीत."

"आमच्याकडं म्हणजे कुठं? मी कोचकोरचा आहे. तुझ्या शेजारच्या खोऱ्यातला."

"मग बाइके, तुम्हाला तरी दाटी कळायला हवी होती."

साग्यनबेकनं घास गिळला. "तीस वर्षांपूर्वी कळली असती," तो हळूच म्हणाला.

वेरानं ताट बाजूला सारलं आणि मघाचा कागद ओढला. "दाटी हा शब्द मी लिहून घेतलाय," ती म्हणाली. "त्याखाली काय लिहायचं ते मला कळलं नाही. पायऱ्या सांगा."

साल्किननं सांगितल्या. पायऱ्या सरळ होत्या. दोन फोन घ्यायचे. एकच डॉक्टर, तीच तारीख, तीच वेळ. दोघांनी एकदम बटण दाबायचं. एकाला नाही म्हणायला हवं. दोघांनाही हो म्हणतं.

"शक्यच नाही," एमिर्लान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तिथं मी कुलूप घातलंय. एजे, तुमचं नेट गंडलं असेल."

साल्किनच्या ओठांवर आलं होतं, असेल बाबा. तिनं ते दाताखाली धरलं. "नेट चांगलं होतं. चारदा केलं, चारदा तसंच झालं. तू करून बघ."

त्यानं आपला फोन काढला, वेराचा मागून घेतला, आणि दोन अंगठ्यांनी एकदम दाबलं. दोन्ही फोन टुणकन वाजले. दोन्हींवर हिरवी खूण. वेरानं कॉम्प्युटरवर डॉक्टरची यादी उघडली. एक नाव होतं. एमिर्लाननं पुन्हा दाबलं, पुन्हा टुणकन. तिसऱ्यांदा दाबायला त्याचा अंगठा वर गेला आणि तिथंच राहिला.

"बाकीचे आठ?" वेरानं विचारलं.

तेही सांगून झाले. कुठल्याच दोषाला साल्किननं शेपूट लावलं नाही, गाय लावली नाही. सगळं एमिर्लानकडं बघूनच सांगितलं. शेवटी साग्यनबेक खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"जी एकदा गप्प बसली ती पुन्हा बसेल," तो म्हणाला.

"पुन्हा बसू शकते," वेरा म्हणाली. "ह्याआधी आलेले दोघं पण गप्प बसले होते. ते जिना चढून परत आले नाहीत."

साग्यनबेक वळला. "तीन महिने बघू. रोज सकाळी ह्याच्या शेजारी बसायचं आणि ह्याला तोंडावर सांगायचं. ज्या दिवशी गुळमुळीत बोललीस, त्या दिवशी मी तुला जुमगालच्या गाडीत बसवून देईन. भाडं माझं."

"आणि मी रडलो तर?" एमिर्लाननं विचारलं.

"तर तू कोचकोरला जा, माझी मेंढरं बघ."

साल्किन पुन्हा थांब्यावर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं तुर्दुमामबेत आकेंना फोन लावला आणि जागा दुसऱ्याला द्या म्हणाली. "म्हणजे ठेवून घेतलं तुला?" म्हाताऱ्यानं विचारलं. "तीन महिने," ती म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण पाय पुन्हा फेऱ्या घालायला लागले होते. उद्या सकाळी त्या पोराच्या शेजारी बसायचं, परवाही, आणि रोज.

फोन थरथरला. एमिर्लानचा निरोप होता: दाटीचं काम झालं. बघा.

तिनं मावशीला फोन करून त्याच अ‍ॅपवर बसवलं. "ताइएजे, मी आता म्हटलं की दाबायचं." मागं मशिनी खडखडत होत्या. "अगं मी शिवू का दाबू?" मावशी करवादली, पण तिनं दाबलं. दोन्हीकडं टुणकन वाजलं.

साल्किननं दोन मार्शरुत्का जाऊ दिल्या. आधी लिहिलं, फारच लवकर केलंस, शाबास, बहुतेक थोडं काहीतरी. मग ते सगळं खोडलं आणि लिहिलं: नाही झालं. अजून दोघांनाही हो म्हणतं.

लगेच उत्तर आलं. "एजे, जेवू तरी द्या."

"जेव," तिनं लिहिलं. "मग पुन्हा कर."